अंगठ्यातला वणवा

१९६२ साली अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी स्वतःच्याच गुडघ्यात सुई टोचून घेतली. जेम्स फेअर्स आणि डॅनियल मॅकार्टी ही त्यांची नावं. सुईतून आत गेले ते सोडियम युरेट नावाच्या क्षाराचे सूक्ष्म स्फटिक. त्यात जंतू नव्हते, विष नव्हतं, गुडघ्याला मार बसलेला नव्हता. तरी काही तासांत सांधा तापला, सुजला आणि हात लावू देईना. गाउटचा, म्हणजे बहुतेकदा पायाच्या अंगठ्यात पेटणाऱ्या संधिवाताचा, रोगी वर्षानुवर्षं जे दुखणं सांगत आला होता, तेच दुखणं दोन धडधाकट माणसांनी मुद्दाम अंगावर ओढवून घेतलं होतं.

आदल्याच वर्षी मॅकार्टी आणि जोसेफ हॉलंडर यांनी गाउटच्या रोग्यांच्या सुजलेल्या सांध्यातलं पाणी काढून ते ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलं होतं. काळ्या पार्श्वभूमीवर सुयांसारखे टोकदार स्फटिक चमकताना दिसले, आणि त्यातले कित्येक पांढऱ्या पेशींच्या पोटात शिरलेले होते. तरी एक शंका उरत होती. स्फटिक सूज आणतात, की सूज आल्यावर ते तिथं गोळा होतात? गुडघ्यातल्या सुईनं ती शंका फेडली. खरं तर फ्रॉयडवायलर नावाच्या संशोधकानं १८९९ मध्येच हे स्फटिक टोचून दाह होतो असं दाखवलं होतं, पण त्याचं काम साठ वर्षं कपाटात पडून राहिलं. विज्ञानातल्या अशा विस्मृतीची मला नेहमी हळहळ वाटते, कारण मधल्या काळात किती अंगठे विनाकारण ठणकले असतील याचा हिशेब कुणाकडेच नाही.

मात्र एक शंका फिटली आणि दुसरी उभी राहिली. युरेट म्हणजे युरिक ॲसिडचा एक साधा क्षार. तो सजीव नाही, तो पेशींवर चाल करून येत नाही. मग एका क्षाराच्या कणानं रात्रीतून अंगठ्याला पांघरुणाचा स्पर्शही सोसवेनासा का होतो? याहून अवघड प्रश्न पुढे अनेक वर्षांच्या पाहणीतून आला. ज्यांच्या रक्तात युरिक ॲसिड दर डेसिलिटरला १० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही जास्त होतं, अशा माणसांपैकी पंधरा वर्षांत साधारण निम्म्यांना गाउट झाला. हा आकडा मोठा आहेच, पण उरलेल्या निम्म्यांकडे बघा. त्यांच्या रक्तात तेवढंच युरिक ॲसिड असूनही त्यांचा अंगठा पंधरा वर्षं शांत राहिला. अशा कित्येकांच्या सांध्यांत तर स्फटिकही सापडतात, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

म्हणजे गाउटमध्ये एकामागून एक अशा दोन गोष्टी घडाव्या लागतात. आधी स्फटिक साचावे लागतात. मग शरीरानं त्यांच्यावर भडकावं लागतं. या दोन्ही गोष्टींची मुळं बऱ्याच अंशी आपल्या जनुकांत आहेत, आणि दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

पहिला रस्ता युरिक ॲसिडचा. प्रत्येक पेशीत डीएनए आहे, त्या डीएनएत प्युरिन नावाची संयुगं आहेत. जुन्या पेशी मरतात, अन्नातल्या पेशी पचतात, तेव्हा प्युरिनचा शेवट युरिक ॲसिडमध्ये होतो. कुत्रा, उंदीर, गाय यांच्यापाशी युरिकेज नावाचं एक विकर असतं. ते युरिक ॲसिडचं रूपांतर सहज विरघळणाऱ्या ॲलँटॉइनमध्ये करतं. माणसाकडे या विकराचं जनुक आहे, पण ते मोडकं आहे. दीड-दोन कोटी वर्षांपूर्वीच्या वानरपूर्वजांतच ते निकामी झालं, म्हणून चिंपांझी आणि गोरिलाही या बाबतीत आपलेच भाऊबंद. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या रक्तात युरिक ॲसिड एक-दोन मिलिग्रॅमच्या आसपास असतं, आपल्यात ते त्याच्या कितीतरी पट असतं. शरीराच्या तापमानाला साधारण ६.८ मिलिग्रॅमपर्यंत युरेट विरघळून राहतं. त्यापुढे ते पाकातल्या साखरेसारखं खडा धरू लागतं. पाक थंड झाला की साखर लवकर धरते, तसंच युरेटचंही आहे. पायाचा अंगठा हृदयापासून सगळ्यात लांब आणि म्हणून शरीरातल्या थंड जागांपैकी एक. तिथं पहिला खडा बसतो यात नवल नाही.

बाकीचं काम मूत्रपिंडाचं. रोजच्या युरिक ॲसिडपैकी सुमारे दोन तृतीयांश लघवीवाटे आणि एक तृतीयांश आतड्यावाटे बाहेर पडतं. पण मूत्रपिंड हे आधी गाळून टाकतं आणि मग गाळलेल्यातलं बहुतेक, जवळजवळ नव्वद टक्के, परत रक्तात ओढून घेतं. ही ओढाताण वाहक प्रथिनं करतात, आणि इथंच जनुकांचा प्रश्न येतो. २००२ मध्ये जपानी संशोधकांनी युरॅट-१ हे परत ओढणारं प्रथिन शोधलं. २००८ च्या सुमारास एसएलसी२ए९ आणि एबीसीजी२ या दोन जनुकांची नावं पुढे आली. एसएलसी२ए९ हेही परत ओढणाऱ्यांपैकीच, आणि त्याची एक गमतीची साक्ष कुत्र्यांत मिळते. अंगावर काळे ठिपके असलेल्या डाल्मेशियन कुत्र्यांत हे जनुक बिघडलेलं असतं, म्हणून कुत्रा असूनही त्यांच्या लघवीत युरिक ॲसिड भरपूर सापडतं.

एबीसीजी२ हे उलट्या दिशेचं, बाहेर टाकणारं प्रथिन. ते मूत्रपिंडातही आहे आणि आतड्यातही. त्याच्या शेकडो अमिनो आम्लांच्या साखळीत १४१ व्या जागी काहींमध्ये ग्लुटामिनऐवजी लायसिन असतं. फरक एका मण्याचा, पण त्यामुळे या प्रथिनाची युरेट बाहेर टाकण्याची ताकद निम्म्याहून अधिक घटते, असं २००९ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिलं. युरोपीय वंशाच्या गाउट रुग्णांपैकी किमान दहा टक्क्यांच्या आजाराची जबाबदारी या एका बदलावर येते. पूर्व आशियात हा बदल आणखी सर्रास आढळतो.

इथं थोडं थांबून जेवणाबद्दल बोललं पाहिजे, कारण आपल्याकडे ‘युरिक ॲसिड वाढलंय’ हे वाक्य घरात आलं की त्या दिवसापासून ताटावर पहारा बसतो. तूरडाळ बंद, पालक बंद, टोमॅटो बंद, मटकी बंद. चरकसंहितेत वातरक्ताला, म्हणजे गाउटशी मिळत्याजुळत्या दुखण्याला, आढ्यवात असंही नाव आहे, म्हणजे धनाढ्यांचा वात. युरोपातही तो राजेरजवाड्यांचा आजार मानला गेला. खाण्यापिण्याच्या चैनीची ही शिक्षा, असा समज दोन्हीकडे रुजला आणि अजून गेलेला नाही. रोग्याला दुखण्याबरोबर लाजही सोसावी लागते.

पुरावा काय सांगतो? २०१८ मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी १६,७६० अमेरिकन नागरिकांच्या माहितीची छाननी प्रसिद्ध केली. माणसामाणसांतल्या युरिक ॲसिडच्या फरकापैकी आहार किती चांगला वा वाईट आहे यावरून ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त फरक उलगडला नाही. सर्वसाधारण जनुकीय फरकांवरून उलगडला २३.९ टक्के. न्यूझीलंडमध्ये हा प्रश्न निघणं साहजिक होतं. तिथल्या माओरी आणि पॅसिफिक बेटांवरच्या लोकांत गाउटचं प्रमाण इतरांच्या दुप्पट-तिप्पट आहे, आणि त्यांना ‘खाणं सुधारा’ हेच वर्षानुवर्षं ऐकवलं जात होतं. डाळ-पालकाबद्दलही स्पष्ट सांगतो. सत्तेचाळीस हजार पुरुषांवर बारा वर्षं चाललेल्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीत मटण-मांस आणि मासे यांनी धोका वाढला, दूध-दह्यानं घटला, आणि प्युरिनयुक्त भाज्यांनी वाढला नाही. म्हणून कोकणातल्या माणसानं तारली-बांगड्याचा हात आखडता घ्यावा, बिअर सोडावी, हे योग्यच. पण वरणभात सोडून अंगातलं युरिक ॲसिड ओसरेल ही आशा खोटी आहे. ते बहुतेक वाढतं ते मूत्रपिंडाच्या आणि आतड्याच्या वारशानं.

आता दुसरा रस्ता. स्फटिक साचले. ते आग कशी लावतात?

याचं उत्तर गाउटपासून फार दूरच्या एका आजारातून आलं. काही मोजक्या कुटुंबांत गार वारा लागला की ताप येतो, अंगावर पुरळ उठतं आणि सांधे दुखतात. २००१ मध्ये हॅल हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कुटुंबांत एका जनुकाचा बिघाड शोधून काढला. ते जनुक आज एनएलआरपी३ या नावानं ओळखलं जातं. त्यानं बनणाऱ्या प्रथिनाचं काम काय, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये युर्ग त्शॉप नावाचे जैवरसायनशास्त्रज्ञ याच घराण्यातल्या प्रथिनांच्या मागे लागले होते. पेशीच्या आत अनेक प्रथिनं जुळून एक यंत्र उभं राहतं आणि ते दाह पेटवतं, असं त्यांनी २००२ मध्ये दाखवलं आणि त्या यंत्राला इन्फ्लमासोम असं नाव दिलं. २००६ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेतून पुढचा शोध निघाला. गाउटचे स्फटिक एनएलआरपी३ चा इन्फ्लमासोम जागा करतात. ज्या उंदरांच्या पेशींत हे यंत्र नव्हतं, त्यांना तेच स्फटिक दिले तरी त्या जवळजवळ थंडच राहिल्या.

यंत्र चालतं कसं, ते तोफेच्या उदाहरणानं सांगतो. तोफ उडायची तर आधी दारू ठासावी लागते, मग बत्ती द्यावी लागते. सांध्याच्या अस्तरात मॅक्रोफेज नावाच्या पहारेकरी पेशी असतात. पहिल्या पायरीत काहीतरी कारणानं त्यांच्या पृष्ठभागावरच्या टोल जातीच्या ग्राही प्रथिनांना खूण मिळते. पेशीच्या केंद्रकात हालचाल होते आणि इंटरल्युकिन-१ बीटा या दाहकारक प्रथिनाचा कच्चा माल तयार होऊन पेशीत साठतो. ही ठासलेली दारू. अजून काहीही उडालेलं नाही.

बत्ती देतात ते स्फटिक. कचरा समजून मॅक्रोफेज स्फटिक गिळते. पण सुईसारखा तो कण पचत नाही, उलट पेशीच्या पचनपिशवीला, म्हणजे लायसोसोमला, इजा करतो. पेशीतलं पोटॅशियम बाहेर पडू लागतं. या गडबडीचा सुगावा एनएलआरपी३ ला लागतो. मग एएससी नावाचं जोडप्रथिन पेशीभरातून एका जागी गोळा होतं. त्याचा एक, बहुतेकदा एकच, ठिपका तयार होतो आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतो. त्या ठिपक्यावर कॅस्पेस-१ नावाची कात्री सज्ज होते. ती साठवलेला कच्चा इंटरल्युकिन कापून धारदार करते. शिवाय गॅसडर्मिन-डी नावाचं प्रथिनही कापते, आणि त्याचे तुकडे पेशीच्या आवरणाला भोकं पाडतात. या भोकांतून इंटरल्युकिन-१ बीटा बाहेर पडतं, आणि तोफ उडते. बाहेर पडलेलं प्रथिन शेजारच्या रक्तवाहिन्यांना हाक घालतं. त्या रुंदावतात, म्हणून जागा लाल आणि गरम होते. त्यांतून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी लाखोंनी सांध्यात उतरतात. त्याही स्फटिक गिळतात, फुटतात आणि आणखी पेशींना बोलावतात. कुत्र्यांच्या शरीरातले न्यूट्रोफिल आधीच कमी केले तर स्फटिक टोचूनही सांधा फारसा सुजत नाही, हे मॅकार्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९६६ मध्येच पाहिलं होतं. ठणका स्फटिकाच्या टोकाचा नव्हे, आपल्याच फौजेच्या धावपळीचा असतो.

तोफेचं उदाहरण मी घेतलं ते एका कारणासाठी. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी स्फटिक एकटे दिले तेव्हा पेशींनी इंटरल्युकिन जवळजवळ सोडलंच नाही. सोबत काही स्निग्धाम्लं दिली आणि मगच भडका उडाला. जड, तेलकट जेवणानंतर रक्तात अशी आम्लं वाढतात. लग्नाच्या पंगतीनंतर किंवा बिअरच्या रात्रीनंतर पहाटे दोनला अंगठा का पेटतो, याचा एक मोठा दुवा इथं आहे. स्फटिक तिथं कित्येक महिने, कधी कित्येक वर्षं पडून होते. त्या रात्री फक्त दारू ठासली गेली. आहाराबद्दलचे दोन वरवर उलटे वाटणारे अनुभव इथं जुळतात. जेवणानं युरिक ॲसिडचा साठा फारसा ठरत नाही, पण झटक्याची रात्र ठरू शकते.

भडकलेली ही आग आठवड्या-दोन आठवड्यांत, औषध न घेताही, आपोआप विझते. स्फटिक मात्र जागचे हललेले नसतात. हे कोडं मला सगळ्यांत विलक्षण वाटतं. मरणारे न्यूट्रोफिल आपलं डीएनए जाळ्यासारखं बाहेर फेकतात. गर्दी वाढली की ही जाळी एकमेकांत गुंततात आणि स्फटिकांना वेढतात. २०१४ मध्ये जर्मनीतल्या एर्लांगेनच्या संशोधकांनी दाखवलं, की या गुंत्यात अडकलेली विकरं दाहकारक प्रथिनांचे तुकडे करून त्यांना निकामी करतात. ज्या पेशींनी आग वाढवली, त्याच मरता मरता ती विझवून जातात.

आता मूळ प्रश्नाकडे. सारखंच युरिक ॲसिड असून एकाचा अंगठा पेटतो आणि दुसऱ्याचा नाही, ते का? २०२४ मध्ये टोनी मेरिमन यांच्या पुढाकारानं एक प्रचंड जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २६ लाख माणसांची माहिती होती, आणि त्यांपैकी १,२०,२९५ जणांना गाउट होता. गाउटशी नातं सांगणाऱ्या ३७७ जागा जनुकसंचात सापडल्या, त्यांतल्या १४९ याआधी युरेट किंवा गाउटच्या संदर्भात कुणी नोंदवल्या नव्हत्या. युरेटच्या वाहक प्रथिनांची ओळखीची जनुकं होतीच, पण त्यांच्याबरोबर प्रतिकारशक्तीच्या पेशी कशा घडतात आणि दाह कसा आवरला जातो याच्याशी संबंधित जनुकंही मोठ्या संख्येनं पुढे आली. काही माणसांच्या पहारेकरी पेशी जन्मतःच जरा अधिक तापट असतात, काहींच्या शांत. यांतल्या प्रत्येक फरकाचा परिणाम बारीक आहे, म्हणून एखादी रक्तचाचणी करून ‘तुम्हाला गाउट होणार’ असं आज कुणी सांगू शकत नाही, आणि कुणी तसं विकत असेल तर घेऊ नये.

दोन रस्ते खरंच वेगळे आहेत याची सगळ्यांत बोलकी साक्ष हृदयरोग्यांनी दिली. कॅनाकिनुमॅब नावाचं प्रतिपिंड इंटरल्युकिन-१ बीटाला पकडून निकामी करतं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १०,०६१ जणांवर ते तपासलं गेलं. गाउटसाठी तो प्रयोग नव्हताच. पण नोंदी चाळल्या तेव्हा दिसलं, की औषध घेणाऱ्यांत गाउटचे झटके निम्म्याहून कमी झाले होते. रक्तातलं युरिक ॲसिड मात्र तसूभरही घटलं नव्हतं. युरेट तसंच, भडका तेवढा आवरलेला. त्याआधी २००७ मध्ये लोझानमध्येच, इंटरल्युकिन-१ ला अडवणारं ॲनाकिन्रा दहा रोग्यांना देऊन पाहिलं होतं, आणि दहाही जणांना झपाट्यानं आराम पडला होता. २०११ मध्ये आल्प्सच्या डोंगरात फिरताना त्शॉप यांचा मृत्यू झाला. आपल्या शोधाचा पहिला लाभ त्यांनी डोळ्यांनी पाहिला. २०२३ मध्ये अमेरिकेनं कॅनाकिनुमॅबला गाउटच्या झटक्यासाठी मान्यता दिली, ती त्यांना पाहता आली नाही. ही औषधं फार महाग आहेत, आणि ज्यांना दुसरं काही चालत नाही त्यांच्यासाठीच ती राखून ठेवावीत हे बरोबर आहे.

बाकीच्यांसाठी कोल्चिसिन आहे, आणि त्याचा एक स्रोत आपल्या दारातला आहे. पावसाळ्यात सह्याद्रीच्या झुडपांवर ज्वाळेसारख्या तांबड्या-पिवळ्या पाकळ्यांची कळलावी फुलते. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. प्रसूतीच्या कळा आणणारी म्हणून ती कळलावी, आणि तिच्यातलाच रेणू अंगठ्याची कळ थांबवतो. कोल्चिसिन पेशींच्या आतल्या सूक्ष्म नळ्या जुळू देत नाही. न्यूट्रोफिल याच नळ्यांच्या आधारानं हालचाल करतात, आणि इन्फ्लमासोमचे भाग एकत्र आणायलाही त्यांचीच मदत होते. म्हणून औषध वेळेवर घेतलं तर तोफही थंडावते आणि फौजही. पण कळलावीचा कंद कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून खाऊ नका. तो जीवघेणा विषारी आहे. औषधाच्या गोळीतली मात्रा मिलिग्रॅमच्या अंशांत मोजलेली असते, कंदातली कुणी मोजलेली नसते.

झटका शमवणं हे अर्धंच काम. स्फटिक विरघळवायचे तर रक्तातलं युरिक ॲसिड ६ मिलिग्रॅमच्या खाली आणून वर्षानुवर्षं तिथंच ठेवावं लागतं. त्यासाठीचं मुख्य औषध म्हणजे अलोप्युरिनॉल. ते शोधणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. पण ते सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत झटके वाढू शकतात, कारण विरघळू लागलेल्या साठ्यातून सुटे स्फटिक सांध्यात उतरतात आणि पहारेकरी पेशींच्या नजरेत येतात. रोग्याला वाटतं, औषधानंच बिघडलं. तो गोळी फेकतो, आणि पुढची वीस वर्षं डाळीला दोष देत राहतो. म्हणूनच सुरुवातीचे तीन ते सहा महिने सोबत कमी मात्रेत कोल्चिसिनसारखं दाह रोखणारं औषध द्यावं, असं अमेरिकन संधिवाततज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. एकच अपवाद लक्षात ठेवा. अलोप्युरिनॉल सुरू केल्यावर अंगावर पुरळ उठलं तर गोळी लगेच थांबवून डॉक्टरांकडे जा. एचएलए-बी*५८:०१ हे जनुकरूप असलेल्या काही लोकांत ती प्रतिक्रिया गंभीर होते.

हे सगळं रोग्याला नीट सांगितलं तर काय होतं, तेही मोजून झालं आहे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला ५१७ गाउट रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला परिचारिकांनी आजार समजावला, रोग्याच्या शंका ऐकल्या, औषधाची मात्रा हळूहळू वाढवत नेली. दोन वर्षांनी पहिल्या गटात तीस टक्के लोकांचं युरिक ॲसिड ६ च्या खाली होतं, तर परिचारिकांच्या गटात पंच्याण्णव टक्के लोकांचं.